कुलूपवाल्याचा मुलगा

विज्ञान शाखेला गेलेल्या आणि न गेलेल्या, पण दहावीची परीक्षा दिलेल्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी ओहमचा नियम पाठ केलेला असतो. विभवांतर आणि समानुपाती हे दोन जड शब्द एकाच वाक्यात आणून ठेवणारा तो नियम. व्ही बरोबर आय गुणिले आर. तीन गुणांचा हमखास प्रश्न. आमच्या वर्गात एका मित्रानं ओहम आणि सोहम यांची सांगड घालून मास्तरांच्या हातचा प्रसाद खाल्ला होता, तेवढाच त्या धड्यातला विरंगुळा. नियमाला ज्याचं नाव आहे तो माणूस कोण, त्याचं पोट कशावर चालत होतं, हे सूत्र त्याला कुठल्या भावात पडलं, हे धड्यात नव्हतं. बँकेतली छत्तीस वर्षं संपवून निवृत्त झाल्यावर मी जी वाचायची राहिलेली पुस्तकं काढून बसलो त्यात हा माणूस मला भेटला, आणि मग काही महिने त्यानं माझी पाठ सोडली नाही.

गेऑर्ग सिमोन ओहम १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगन गावात जन्मला. फ्रेंच राज्यक्रांतीचं वर्ष. वडील योहान वोल्फगांग कुलपं तयार करणारे कारागीर. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. सात मुलं झाली, जगली तीन: गेऑर्ग, धाकटा मार्टिन आणि एक बहीण. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई गेली. इथपर्यंत ही त्या काळातल्या युरोपातल्या कुठल्याही कष्टकरी घराची हकिकत आहे. पुढचं मात्र तसं नाही. या कुलूपवाल्यानं शाळेचं शिक्षण न मिळता, हातातली कानस खाली ठेवल्यावर उरणाऱ्या वेळात, स्वतःच्या हिमतीवर गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि तत्त्वज्ञान शिकून घेतलं होतं. आणि ते सगळं त्यांनी दोन्ही मुलांना घरी शिकवलं. गावातल्या शाळेत मुलं लॅटिन घोकत होती. खरं शिक्षण कुलपांच्या दुकानामागच्या खोलीत चाललं होतं. एर्लांगन विद्यापीठातल्या लांग्सडॉर्फ नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी या भावंडांची परीक्षा घेतली आणि त्यांची तुलना थेट बर्नुली बंधूंशी केली. गणिताच्या जगात याहून मोठी शाबासकी नसते.

आपल्याकडे अशा बापांची परंपरा आहे. स्वतः सातवी नापास होऊन मुलाला इंजिनियर करणारे बाप मी कर्जाच्या टेबलासमोर शेकड्यांनी पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट ताण असतो. मुलगा जरा ढिला पडला की त्यांना आपलंच आयुष्य दुसऱ्यांदा वाया जाताना दिसतं. १८०५ मध्ये गेऑर्ग विद्यापीठात दाखल झाला आणि नेमका ढिला पडला. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड यांत त्याचे दिवस जाऊ लागले. वडिलांचा संताप अनावर झाला. तीन सत्रांनंतर त्यांनी मुलाला विद्यापीठातून काढलं आणि १८०६ च्या सप्टेंबरात सतरा वर्षांचा गेऑर्ग स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रवाना झाला. पुढच्याच महिन्यात नेपोलियननं येना इथं प्रशियाचा पाडाव केला.

स्वित्झर्लंडमध्ये साडेचार वर्षं गेली. आधी शाळा, मग खासगी शिकवण्या. लांग्सडॉर्फ हायडेलबर्गला निघाले तेव्हा आपणही त्यांच्या मागे जावं असं याला वाटत होतं. त्यांनी सल्ला दिला की मागे येऊ नकोस, ऑयलर, लाप्लास, लाक्रवा यांचे ग्रंथ घे आणि स्वतःचा स्वतः वाच. सल्ला कोरडा होता पण त्यानं तो पाळला. १८११ मध्ये तो एर्लांगनला परतला, त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली आणि विद्यापीठात शिकवू लागला. पण त्या पदाला नियमित पगार नव्हता आणि पुढे जागा निघण्याची आशा नव्हती. तीन सत्रांनंतर ते सोडून त्यानं बामबर्गच्या एका सामान्य शाळेत नोकरी धरली. ती शाळा १८१६ मध्ये बंद पडली. मग त्याच गावातल्या दुसऱ्या, मुलांनी तुडुंब भरलेल्या शाळेत गणिताला मदतनीस म्हणून बदली. वय सत्तावीस. विद्यापीठात प्राध्यापक होण्याचं स्वप्न, आणि हातात खडू. या काळात त्यानं भूमितीच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं आणि ते प्रशियाच्या राजाला पाठवून दिलं. अर्जासोबत जोडायला दुसरं काही नव्हतं. पुस्तकाचा उपयोग झाला. १८१७ मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्याची जागा मिळाली.

कोलोनला त्याला आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मिळाली. उपकरणांनी सुसज्ज अशी प्रयोगशाळा. (इथल्या त्याच्या विद्यार्थ्यांत डिरिक्ले नावाचा एक मुलगा होता, तो पुढे जर्मनीतल्या पहिल्या फळीतला गणिती झाला. शाळामास्तराच्या खात्यावर अशा जमा रकमा कुणी लिहून ठेवत नाही.) १८२० मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेडनं दाखवून दिलं की तारेतून वीज वाहत असताना जवळची होकायंत्राची सुई वळते. युरोपभर खळबळ उडाली. ओहमही शाळा सुटल्यावर तारा आणि सुया घेऊन बसू लागला. बापाच्या दुकानात धातूवर बसलेला हात आता उपयोगी पडला. तारा ओढणं, पट्ट्या वाकवणं, स्क्रू बसवणं, सगळं तो स्वतः करू शकत होता.

त्या वेळी विजेबद्दल लोकांना काय ठाऊक होतं हे समजल्याशिवाय त्यानं काय केलं ते कळणार नाही. व्होल्टानं १८०० मध्ये घट तयार केला होता, त्यामुळे सतत वाहणारी वीज उपलब्ध होती. पण ती मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं, याचा घोळ होता. काहीजण विजेचं परिमाण म्हणत, काहीजण तीव्रता म्हणत, आणि दोन्हींची सरमिसळ करत. आज आपण तीन वेगळ्या गोष्टी मानतो. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण घ्या. नळातून सेकंदाला किती पाणी पडतं, तो झाला प्रवाह. विजेच्या बाबतीत तो अँपियरमध्ये मोजतात. टाकी किती उंचावर आहे त्यावर पाण्याचा दाब ठरतो. विजेचा दाब व्होल्टमध्ये. आणि मधला पाइप किती लांब, किती अरुंद, आतून किती गंजलेला, त्यावर पाण्याला होणारी अडवणूक ठरते. विजेच्या बाबतीत ती अडवणूक म्हणजे रोध, आणि तो ओहममध्ये मोजतात. तळमजल्याच्या नळाला धो धो पाणी येतं आणि तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार, हे चाळीत राहिलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. उपमेला मर्यादा आहे. पाइप फुटला तर पाणी सांडतं, तार तुटली तर वीज सांडत नाही, थांबते. कारण तिला परत येण्याचा रस्ताही लागतो. पण दाब, प्रवाह आणि अडवणूक या तीन गोष्टी निराळ्या, आणि पहिल्या व तिसरीवरून दुसरी नेमकी काढता येते, एवढं समजायला टाकी पुरे.

ओहमला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तार लांब केली की सुई कमी वळते एवढंच दिसत होतं. किती कमी, हा प्रश्न होता. १८२५ मध्ये त्यानं पहिले प्रयोग छापले आणि त्यातून काढलेलं सूत्र चुकलं. त्यात लॉगरिथम होता. गुन्हेगार होता घट. व्होल्टाचा घट जोडल्याबरोबर प्रवाह उसळतो आणि मग घसरत जातो, कारण आत रसायनं बदलत असतात. टाकीतली पातळी दर मिनिटाला हलत असताना पाइपाची अडवणूक मोजण्यातला हा प्रकार. काही महिन्यांतच ते त्याच्या लक्षात आलं. पण छापलेला कागद परत घेता येत नाही, आणि शाळामास्तराचं चुकलेलं सूत्र लोक प्राध्यापकाच्या चुकलेल्या सूत्रापेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतात.

मदत आली ती एका संपादकाकडून. पोगेनडॉर्फ हे शास्त्रीय नियतकालिकाचे संपादक. त्यांनी सुचवलं की घट सोडून दे, झेबेकची युक्ती वापर. झेबेकनं काही वर्षांपूर्वी शोधलं होतं की दोन निराळ्या धातूंचे दोन सांधे करून एक तापवला आणि दुसरा थंड ठेवला तर वीज वाहते. ओहमनं बिस्मथची पट्टी दोन्ही टोकांना वाकवली, तिला तांब्याच्या पट्ट्या जोडल्या, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. ही युक्ती मला त्या सबंध शतकातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. पाणी उकळत आहे तोवर त्याचं तापमान वाढत नाही. बर्फ वितळत आहे तोवर त्याचं वाढत नाही. दोन्ही टोकांना निसर्गानंच खिळे ठोकून ठेवलेले. विजेचा दाब आता हलणार नव्हता.

मग १८२६ चा जानेवारी. एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या. वर सोन्याच्या बारीक पट्टीला टांगलेली चुंबकाची सुई. वीज सुरू केली की सुई वळणार, मग वरची मूठ उलट पिरगाळून ती पुन्हा मूळ जागी आणायची, आणि किती पिरगाळावं लागलं ते लिहून ठेवायचं. ८ जानेवारीला २ इंचांच्या तारेला आकडा आला जवळजवळ ३२७. ३४ इंचांना साडेचौतीसावर शंभर, म्हणजे १३४.५. आणि १३० इंचांना ४८.५. आयुष्यभर आकड्यांच्या रकान्यांकडे पाहत बसलेल्या माणसाला या रकान्यात काहीतरी दडलंय हे जाणवतं, पण काय ते चटकन दिसत नाही. तार सतरा पट लांब झाली तर प्रवाह सतरा पट कमी व्हायला हवा ना? तो तर अडीच पटसुद्धा कमी झालेला नाही.

ओहमला उत्तर सापडलं ते असं. तारेच्या लांबीत आधी २०.२५ मिळवा आणि त्या बेरजेनं ७२८५ ला भागा. २ इंचांसाठी भागाकार येतो ३२७. ३४ इंचांसाठी १३४. १३० साठी ४८.५. वाचकांनी कागद घेऊन करून पाहावं. प्रत्येक ओळ जुळते, कुठे एखाद-दोनचा फरक, तोही हातानं पिरगाळलेल्या मुठीचा. हे २०.२५ म्हणजे काय? तर बिस्मथची पट्टी आणि बाकीचं उपकरण स्वतःच विजेला अडवत होतं, आणि ती अडवणूक त्याच तांब्याच्या सव्वावीस इंच तारेएवढी होती. उपकरणाला त्यानं तारेच्या इंचांत मोजलं. मग त्यानं सांध्यांमधला तापमानाचा फरक कमी करून पाहिला. ७२८५ चा आकडा घसरला, २०.२५ हलला नाही. म्हणजे एक आकडा रेटणाऱ्याचा, दुसरा अडवणाऱ्याचा, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. विभवांतर आणि रोध हे दोन वेगळे आहेत हे त्या बर्फाच्या आणि आधणाच्या भांड्यांमध्ये पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

पहिल्यांदा म्हणताना एक नाव घ्यायला हवं. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशनं ओहमच्या जन्माआधीच बरंचसं हेच ओळखलं होतं, तेही स्वतःच्या शरीरातून विजेचे धक्के घेऊन त्यांची तुलना करत. कॅव्हेंडिश गर्भश्रीमंत होता आणि माणूसघाणा. त्यानं ते कागद छापलेच नाहीत. मॅक्सवेलनं ते १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याला नोकरीची गरज नसते त्याला छापण्याचीही घाई नसते. ओहमला दोन्ही होत्या.

आता त्याच्या आयुष्यातला मोठा जुगार. प्रयोग हातात होते, पण ओहमला नुसती प्रयोगांची वही नको होती. फ्रान्सच्या फुरियेनं १८२२ मध्ये धातूतून उष्णता कशी वाहते याचं गणित छापलं होतं. तापमानातला फरक उष्णतेला रेटतो, तसा विद्युतदाबातला फरक विजेला रेटत असणार. मग तेच गणित इथंही चालेल. सबंध विषय असा मुळापासून बांधून काढायचा तर वेळ हवा. शाळेनं त्याला १८२६ मध्ये एका वर्षाची रजा दिली, अर्ध्या पगारावर. तो बर्लिनला धाकट्या भावाकडे गेला. मार्टिन तोवर बर्लिन विद्यापीठात गणित शिकवत होता, म्हणजे जे थोरल्याला मिळालं नव्हतं ते त्याला मिळालं होतं. (चित्रकार आणि वास्तुकार ज्याला सुवर्ण छेद म्हणतात त्या प्रमाणाला ते नाव छापील पुस्तकात पहिल्यांदा वापरलं ते या मार्टिननं, १८३५ मध्ये.) अर्धपगारी रजेचा हिशेब मला कळतो. मी माझी पहिली कादंबरी पहाटे पाच ते सात लिहिली, रजा मागण्याची छाती झाली नाही. हा माणूस अर्ध्या पगारावर पुस्तक लिहायला दुसऱ्या गावी गेला, आणि ते पुस्तक विद्यापीठाचं दार उघडेल यावर त्यानं सगळी शिल्लक लावली.

१८२७ मध्ये बर्लिनमध्ये पुस्तक निघालं. नाव होतं, गॅल्व्हनी मंडलाची गणिती मांडणी. दार उघडलं नाही.

बर्लिनमध्ये तेव्हा हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा दबदबा होता. निसर्ग हा विचारानं समजून घ्यायचा, मोजपट्टीनं त्याचं मर्म हाती लागत नाही, असं मानणारे लोक अधिकाराच्या जागांवर होते. पोल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं पुस्तकाचं इतकं विखारी परीक्षण लिहिलं की पुढची कित्येक वर्षं लोक पुस्तकाऐवजी परीक्षणच वाचत राहिले. चरित्रांमधून एक कथा सांगतात की शिक्षणमंत्र्यांनी असा माणूस शिकवण्यास नालायक आहे असं ठरवलं. मला ती कथा जरा जास्तच सोयीची वाटते. ओहमला कुणी काढून टाकलं नाही. विद्यापीठात जागा मिळत नाही हे दिसल्यावर त्यानं स्वतःच मार्च १८२८ मध्ये कोलोनच्या कायम नोकरीचा राजीनामा दिला. अपमान सहन होत नाही आणि परत त्याच वर्गात जाऊन उभं राहवत नाही, अशा अवस्थेतला तो राजीनामा आहे. वय एकोणचाळीस, लग्न केलेलं नाही, पुढची सोय नाही.

आणि सगळा दोष हेगेलच्या माथी मारणंही बरोबर नाही, असं मला हळूहळू वाटू लागलं. बँकेत माझ्याकडे लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल येत. कधी कधी एखादा खरा कारागीर येई. त्याचं यंत्र चाललेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं असे. पण तो अहवाल असा लिहून आणी की त्यात यंत्र कुठे सापडू नये, नुसते वीस पानांचे तक्ते. असा कागद वर गेला की परत येणार हे ठरलेलं. ओहमनं १८२७ मध्ये तेच केलं. १८२६ चा बर्फाचा आणि उकळत्या पाण्याचा प्रयोग, त्या आठ तारा, तो २०.२५ चा आकडा, यांना त्या पुस्तकात जवळजवळ जागाच नाही. तीन गृहीतं मांडून त्यातून गणितानं सगळं उलगडत नेलं आहे. जर्मनीतले प्रयोग करणारे बहुतेक लोक गणिताला बिचकत, त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. तत्त्वज्ञांना त्यात तत्त्वज्ञान दिसलं नाही. ज्या प्रयोगानं कुणाचंही तोंड बंद झालं असतं तो वर्षापूर्वीच्या अंकात पडून होता. शाळामास्तर म्हणून हिणवलं जाण्याच्या भीतीनं तो पंडितांच्या भाषेत बोलायला गेला असावा, असा माझा अंदाज. कानशीच्या भाषेत बोलला असता तर लवकर ऐकलं गेलं असतं.

पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये गेली. आठवड्याला काही तास एका लष्करी शाळेत गणित शिकवायचं. ज्या वयात माणूस कामाच्या ऐन भरात असतो त्या वयातली ही पाच वर्षं. या काळात निदान एकानं त्याचं ऐकलं. मनाच्या मोजमापासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या फेखनरनं १८३१ मध्ये खूप मोजमापं करून ओहमचं म्हणणं खरं असल्याचं छापलं. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत ओहमला जागा मिळाली. प्राध्यापक ही पदवीही मिळाली. विद्यापीठ मात्र नव्हे.

ओहमला मान मिळवून दिला तो तारायंत्रानं. १८३० नंतर इंग्लंड-अमेरिकेत तारेवरून संदेश पाठवण्याच्या खटपटी सुरू झाल्या आणि एक कोडं सगळ्यांना छळू लागलं. प्रयोगशाळेत दहा घट एकामागे एक जोडले तरी सुई जेमतेम जास्त वळते. तेच दहा घट कित्येक मैलांच्या तारेला जोडले तर परिणाम थेट दहापट. असं का? ओहमच्या भागाकारात उत्तर आहे. समजा, एका घटाचा दाब दीड व्होल्ट आणि त्याचा आतला रोध अर्धा ओहम. बाहेर अर्ध्या ओहमची जाडजूड तार लावली तर प्रवाह दीड अँपियर. घट दहा केले की दाब पंधरा व्होल्ट होतो खरा, पण आतला रोधही पाच ओहम होतो. पंधराला साडेपाचनं भागा: पावणेतीनच्या आसपास. दसपट खर्च करून दुप्पटही नाही. पण बाहेर हजार ओहमची लांबलचक तार असेल तर आतले पाच ओहम म्हणजे समुद्रात तांब्या; तिथं दहा घटांचा प्रवाह जवळपास दहापट. ज्यांना मैलोगणती तार टाकायची होती त्यांना हे गणित म्हणजे रोकड होती. चार्ल्स व्हीटस्टनला त्याचं महत्त्व कळलं. १८४१ मध्ये पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं ओहमला कोप्ली पदक दिलं. पुढच्या वर्षी परदेशी सदस्यत्व. पुस्तकानंतर चौदा वर्षांनी, आणि परदेशातून. आपल्या माणसाला बाहेरून पदक मिळालं की घरच्यांनाही तो दिसायला लागतो, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या अकादमीनं त्याला पूर्ण सदस्य करून घेतलं.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं काय झालं याचं एक खर्चिक उदाहरण ओहमच्या मृत्यूनंतरचं आहे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली तार सुरू झाली. तिचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. संदेश क्षीण येतो, मग दाब वाढवा, या न्यायानं त्यांनी जवळजवळ दोन हजार व्होल्ट लावले. तारेचं आवरण आधीच कमकुवत होतं. काही आठवड्यांत ती कायमची मुकी झाली.

न्यूरेंबर्गला असताना ओहम एका वेगळ्याच वाटेला गेला. १८४३ मध्ये त्यानं मांडलं की कान हा गुंतागुंतीचा आवाज साध्या शुद्ध स्वरांमध्ये फोडून ऐकतो. इथंही गणित फुरियेचं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. या मतावर तुटून पडला ऑगुस्ट झेबेक, म्हणजे ज्याच्या दोन सांध्यांच्या युक्तीवर ओहमचा नियम उभा होता त्या झेबेकचा मुलगा. बापाचं देणं असं फिटलं. वादात ओहमनं माघार घेतली. तो गेल्यावर हेल्महोल्ट्झनं ते मत उचलून आपल्या स्वरशास्त्राचा पाया केला.

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला गेला. अकादमीच्या उपकरणसंग्रहाची देखभाल आणि विद्यापीठात व्याख्यानं. पदार्थाच्या कणांच्या रचनेवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहायचं त्यानं ठरवलं होतं, त्याचा एकच खंड निघाला. १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, म्युनिक विद्यापीठानं त्याला पदार्थविज्ञानाचा पूर्ण प्राध्यापक केलं. एर्लांगनला बिलियर्ड खेळणाऱ्या मुलाला ज्या खुर्चीची आस लागली होती ती ही. तीत तो दोन वर्षं बसला. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच त्याचा अंत झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्याकडे कलकत्ता ते आग्रा अशी आठशे मैलांची तार बोलू लागली होती, आणि तिचे फाटे मुंबईकडे यायला निघाले होते.

त्याच्या नियमाला मर्यादा आहेत. तापमान बदललं की धातूचा रोध बदलतो. २३० व्होल्टवर जळणाऱ्या ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध सुमारे ८८० ओहम. तोच बल्ब गार असताना मोजला तर त्याच्या कितीतरी कमी भरतो. मोबाइलच्या आतल्या अर्धवाहकांमध्ये तर दाब दुप्पट केल्यावर प्रवाह कितीही पट होऊ शकतो. पण गावोगाव जाणाऱ्या तारांचा हिशेब अजून ओहमच्याच भागाकारानं होतो. मुंबईची विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला गेली तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्ट होते. २०१६ पर्यंत मुंबईच्या सगळ्या उपनगरी मार्गांवर ते २५ हजार व्होल्ट करण्यात आले. दाब जवळपास सतरापट, म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सतरावा हिस्सा. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, म्हणून ढोबळ गणितानं ती पावणेतीनशे पटींनी कमी.

१८८१ मध्ये पॅरिसला जगभरचे विद्युततज्ज्ञ जमले आणि त्यांनी एककांची नावं ठरवली. दाबाला इटलीचा व्होल्टा, प्रवाहाला फ्रान्सचा अँपियर, रोधाला ओहम. एक ओहम म्हणजे किती, तर बर्फाच्या तापमानाला ठेवलेल्या, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाची ठरावीक लांबी. ती पुढे १०६ सेंटिमीटरच्या आसपास निश्चित झाली. धातूची लांबी आणि बर्फ, त्याच्याच प्रयोगातलं सामान. शंभर वर्षांनी तेही सुटलं. १९८० च्या फेब्रुवारीत ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिट्झिंग या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की अतिथंड अर्धवाहक तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर त्याचा रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, आणि त्या पायऱ्या सगळीकडे, कुठल्याही तुकड्यात, तंतोतंत सारख्या येतात. त्याला १९८५ चं नोबेल मिळालं. १९९० पासून जगभरच्या मापनसंस्था ओहम काढतात तो या पायऱ्यांवरून. पहिल्या पायरीचा आकडा आहे २५,८१२.८०७ ओहम, आणि तो मोजायला आता तांब्याची तार लागत नाही.